नुसत्या दोन रेघा पुसल्या

अहो, आमच्या अख्ख्या गल्लीत माझ्या वयाचा एक तरी माणूस दाखवा, जो कॉम्प्युटरच्या काळ्याशार पडद्यावर हुकूम सोडतो आणि पलीकडं यंत्र मुकाट्यानं कागद छापून देतं! आहे कुणी? नाही ना? मी एकटा! ...आता हुकूम सूनबाई आधीच लिहून ठेवते, मी नुसतं एंटर दाबतो, आणि एंटर कुठलं ते कळावं म्हणून तिनं त्याच्यावर लाल ठिपका चिकटवलाय, ते सोडा. पण बोट कुणाचं? माझं! आणि अशा माणसाची घरात किंमत काय? तर कुत्र्याच्या खालची! हसू नका, मनाचं सांगत नाही, कागदावर होतं तसं. आणि तो कागद मी जरा ठाकठीक केला, तर सगळं घर माझ्यावर धावून आलं. मी काय केलं हो? नुसत्या दोन रेघा पुसल्या!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही सुनेच्या बाजूनं जाल. पहिल्यापासून सांगतो.

आमच्या हिची हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन नीट झालं, ही घरी आली, आल्या आल्या "पडदे कुणी धुतले नाहीत वाटतं" म्हणाली, म्हणजे माणूस शाबूत. पण डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एक अंगातलं जादा पाणी काढून टाकणारी, एक रक्त पातळ ठेवणारी, एक झोपताना घ्यायची. आणि बजावलं, "आजोबा, एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, रक्ताची गोळी चुकता कामा नये. नवीन झडप आहे, गुठळी झाली तर अवघड होईल." हे म्हणताना त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढून बोलायला लागला की समजायचं, थट्टा संपली. कोपरखळी मारायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आता मी पडलो पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे थुंकू नये' वगैरे. शाळा मी बाहेरूनच जास्त पाहिली. गोळ्यांची ती परदेशी नावं मला वाचता येत नाहीत. म्हणून सूनबाईनं, आता ती हापिसात दिवसभर कॉम्प्युटरशीच बोलते, तिनं युक्ती काढली. गोळ्या बरण्यांत भरल्या, झाकणांना रंग दिले. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी, तपकिरी. म्हणाली, "बाबा, रंग तुमचा धंदा. तुम्ही रंग बघा आणि पेटी भरा." कुठली गोळी कशाची ते तिला ठाऊक, मी विचारलंही नाही. रंगवाल्यानं रंगाला 'तू कशासाठी' म्हणून कधी विचारलंय का?

मग कॉम्प्युटरवर तिनं एक तक्ता केला. साधा, अक्षरांचा. उभे रकाने: वेळ, बाबा, आई, साहेब. आडव्या ओळी: सकाळ, दुपार, रात्र.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. नाव मी ठेवलं. जन्मभर कुठला ना कुठला साहेब माझ्यावर भुंकत आला, म्हटलं आता आपण म्हणायचं, "साहेब, खाली बसा!" आणि बसतो हो! पण म्हातारा झालाय बिचारा, आकडी येते, म्हणून त्यालाही गोळी. ती घेतली की साहेब जिथं असेल तिथं कलंडतो आणि संध्याकाळपर्यंत घोरतो.

या तक्त्यावरून तीन पेट्यांवर चिकटवायच्या तीन चिठ्ठ्या छापायच्या, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. ते काम करायला सूनबाईनं एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. त्यात ती 'ऑक' नावाचं काहीतरी वापरते. ऑक! मला वाटलं तिला मळमळतंय, मी लिंबू आणायला उठलो. तर म्हणे, "नाही हो बाबा, हे तक्ते उलटसुलट करायचं हत्यार आहे." तिनं एक शब्द टाइप करून ठेवायचा, मी लाल ठिपका दाबायचा, की हा ऑक तक्ता वाचतो, ज्याचं त्याला वाटतो आणि चिठ्ठ्या फटाफट बाहेर.

आणि मग ती म्हणाली, हे मात्र मी कबूल करतो, ती म्हणाली होती, "बाबा, डॉक्टरांनी काही बदललं तर तक्त्यात तुम्हीच रंग बदला. फक्त रिकाम्या घरात जी आडवी रेघ आहे ना, तिला हात लावू नका."

आता मला सांगा. शहाण्या माणसानं मला 'हात लावू नका' म्हणावं का? 'ओला रंग आहे, हात लावू नये' ही पाटी मी स्वतः रंगवून तिला स्वतःच बोट लावून बघणारा माणूस!

पण तरी लावला नसता. खरंच. पण मी तक्ता बघितला. सकाळ, बाबा, पुढं रेघ. दुपार, बाबा, पुढं रेघ. रात्रीची एक निळी गोळी सोडली तर मला काही नाही. आणि दुपारी साहेबाला तपकिरी गोळी! कुत्र्याला गोळी आणि मला रेघ! शाळेत मास्तर गैरहजर पोराच्या नावापुढं अश्शीच आडवी रेघ ओढायचे, आणि माझ्या नावापुढं त्यांनी दुसरं काही कधी काढलंच नाही. म्हणजे एवढं आयुष्य काढून, पाट्या रंगवून, संसार करून, स्वतःच्या घरात मी पुन्हा गैरहजर? आणि दिसतंही वाईट! चांगला सुटसुटीत तक्ता, आणि मधेच या काड्या!

म्हणून पुसल्या. माझ्या दोन. साहेबाची सकाळची एक रेघ होती, ती राहू दिली, असू दे गैरहजर. आणि नुसत्या पुसल्या नाहीत हां, रेघेच्या जागी मोजून तेवढीच मोकळी जागा सोडली, वरच्या अक्षराखाली खालचं अक्षर जसंच्या तसं. ओळंबा लावून बघा! पडद्यावर असा देखणा दिसला तक्ता, म्हटलं वा. ठिपका दाबला. चिठ्ठ्या आल्या.

माझ्या चिठ्ठीवर आलं, सकाळ पांढरी, दुपार गुलाबी. म्हटलं, बघा! रेघ पुसल्याबरोबर गोळ्या मिळाल्या! हिच्या चिठ्ठीवर, सकाळ रेघ, दुपार तपकिरी. म्हटलं, छान, सुधारतेय म्हणायची. साहेबाला सकाळ-दुपार काहीच नाही. म्हटलं, चला, त्याचीही बढती थांबली. वाटलं, डॉक्टरांनी फिरवलं असेल, सुनेनं आत कुठं भरलं असेल. आपण कोण विचारणारे? चिठ्ठीबरहुकूम पेट्या भरल्या, आणि सकाळी चहाबरोबर पांढरी गोळी अशी ऐटीत गिळली म्हणता... ही बघत होती. पदराला हात पुसत नुसतं बघत होती.

मग नाश्ता करून ही गेली बहिणीकडं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर, शेजारीण गाडीतून सोडणार होती. पेटी पर्समध्ये. फोन मात्र स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला तसाच.

आणि जेवणाची वेळ जवळ येते न येते तोच सूनबाईचा हापिसातून फोन.

"बाबा, साहेबाला तपकिरी आज विसरू नका हां."

मी म्हटलं, "त्याच्या पेटीत दुपारी काही नाहीच."

हापिसात मागं कुणीतरी हसत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"मग तपकिरी कुणाच्या पेटीत आहे?"

"आईच्या."

"बाबा... तुम्ही रेघ काढलीत?"

मी म्हटलं, "मी काय केलं? नुसत्या दोन—"

"अहो बाबा! त्या ऑकला घरं दिसत नाहीत! त्याला फक्त शब्द दिसतात! रिकामी जागा कितीही सोडा, तो मोजत नाही, पुढचा शब्द ओढून घेतो! रांगेतली पहिली खुर्ची रिकामी झाली की सगळे एक एक पुढं सरकतात ना, तसं झालं! आईंची गोळी तुम्हाला, साहेबाची गोळी आईंना! रकाने सरकलेत, बाबा! ती आकडीची गोळी आहे, आईंनी घेतली तर या अवस्थेत... आणि गुलाबी! गुलाबी म्हणजे रक्ताची! ती तुमच्या पेटीत आहे, ती आईंना वेळेवर मिळाली नाही तर... चूक माझीही आहे, मी मधे उभ्या रेघा घालायला हव्या होत्या... आणि बाबा, तुम्ही सकाळी ती पांढ—"

मी ठेवला फोन. उभ्या रेघा, आडव्या रेघा, आता कुठं ऐकत बसू? माझी पेटी खिशात, चप्पल पायात, आणि सुटलो! ...म्हणजे आधी बाथरूमला जाऊन आलो. सकाळपासून सारखं तसंच चाललं होतं, तेव्हा कळेना का, आता कळलं, टेन्शन! टेन्शनमुळे होतं असं.

तुम्ही म्हणाल, मेहुणीला फोन करायचा. केला! उचलत नाही! का? कारण मी तिला आजवर गॅसवाला होऊन, पोस्टमास्तर होऊन, एकदा तर तिच्या शाळेतल्या बाई होऊन फोन केलेत. माझा नंबर दिसला की ती फोनवर उशी ठेवते. सूनबाईच्या फोनवरून? त्यावरून मी 'आपल्याला बक्षीस लागलंय' म्हणून केला होता. आमच्या घरातला एकही नंबर ती उचलत नाही. त्या क्षणी माझी सगळी कर्तबगारी अशी डोळ्यापुढून गेली की काय सांगू!

धावतोय. धावतोय म्हणजे काय, गुडघे म्हणतील तेवढं. डोळ्यापुढं एकच, ही बहिणीशी गप्पा मारतेय, बोलता बोलता पेटी उघडतेय, तपकिरी गोळी... आणि साहेबासारखी कलंडतेय. आणि ती नवीन झडप. आणि डॉक्टरांचा चष्मा.

कोपऱ्यावर पोचलो आणि पुन्हा आली! अशी आली की पाऊल टाकवेना. समोर केशकर्तनालय. शिरलो आत. न्हावी कात्री हवेत धरून म्हणतो,

"या! आज काय? दुकानात साप शिरलाय का?"

मागं मी 'साप, साप' ओरडून त्याचं दुकान रिकामं केलं होतं. आणि त्याची पाटीही मीच रंगवलेली. 'येथे डोकी बदलून मिळतील' असं लिहून ठेवलं होतं, तीन दिवस त्याच्या लक्षात आलं नाही. माणूस ते विसरत नाही. मी म्हटलं, "बाबा रे, पाया पडतो, मागचं दार उघड. आमच्या हिनं कुत्र्याची गोळी खाल्लीय, नाहीतर खाणार आहे, मला धावायचंय, पण आधी जायचंय!"

दुकान हसलं! खुर्चीतला माणूस साबणाच्या फेसासकट हसला! "वा आजोबा, हा नवा आहे!"

"अरे खरंच सांगतोय!"

"सापही खराच होता!"

तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि लोक टाळ्या देत होते. शेवटी माझं तोंड बघून, का उभं राहायची तऱ्हा बघून कुणास ठाऊक, त्यानं दार उघडलं. बाहेर आलो तर समोरून बस निघालेली. मी हात केला, ड्रायव्हरनं आरशात बघितलं, ओळखलं, आणि वेग वाढवला! त्याला मी एकदा 'मागचं चाक उलटं फिरतंय' म्हणून भर चौकात खाली उतरवलं होतं. मला सांगा, असल्या क्षुल्लक गोष्टी माणसानं किती दिवस धरून ठेवायच्या?

फोन वाजतोय खिशात. सूनबाई. पुन्हा वाजतोय. कसा उचलू? एका हातात पेटी, दुसऱ्या हातानं पँट सावरतोय. आणि काय बोलणार? पुन्हा तेच, रकाने, रेघा... मी काय केलं होतं, नुसत्या दोन रेघा पुसल्या होत्या ना!

पुढची बस मिळाली. बसलो. दोन थांबे गेले आणि तुम्हाला सांगतो, ड्रायव्हर प्रत्येक खड्डा निवडून निवडून घेत होता. प्रत्येक खड्ड्याला मी शेजारच्या बाईंचा हात धरत होतो. त्या म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "बायको." त्या हळहळल्या. मग वाचनालय दिसलं. आता विचार करा माझा! एका बाजूला बायको, एका बाजूला बाथरूम. कुठल्या नवऱ्यावर अशी वेळ आली असेल? मी मनाशी म्हटलं, नाही, मरू दे, आज उतरायचं नाही, ही बस चालू दे, बायको पहिली... आणि बस एका खड्ड्यातून गेली. आणि मी उतरलो.

वाचनालयातल्या बाई कुजबुजत म्हणाल्या, "सभासद आहात का?" मी कुजबुजत म्हटलं, "होतो." त्या म्हणाल्या, "कार्ड?" मी म्हटलं, "बाई, आता कार्ड काढायला हात सोडला तर तुमचा गालिचा जाईल." त्यांनी बोटानं दिशा दाखवली. शहाणी बाई.

बाहेर आलो तेव्हा बस गेलेली. उरलेला रस्ता पायी. ऊन डोक्यावर, घसा कोरडा ठाक, कोरडा म्हणजे कसा, वाळलेल्या ब्रशसारखा, आणि पाणी प्यायची भीती! चालता चालता माझं बोलणं चाललं होतं. कुणाशी? हिच्याशीच. म्हटलं, थांब गं. आज नको घेऊस. रोज माझं काही ऐकत नाहीस ना, आज चिठ्ठीचंही ऐकू नकोस. विसर. विसरते ना तू, चष्मा विसरतेस, गॅसवर दूध विसरतेस, आज गोळी विसर. मी पडदे धुतो. रेघा परत काढतो, दोनच काय, माझ्या नावापुढं शंभर काढतो, राहतो गैरहजर, काय बिघडतंय...

डोळ्यात घाम गेला होता. घामच होता.

मेहुणीचा जिना. वर पोचलो, दार बडवलं. आतून तिचा आवाज, "कोण?"

"मी! उघड!"

भिंगातून डोळा दिसला. "भावोजी, आज काय झालात? गॅसवाले का पोस्टमास्तर?"

"अगं मीच आहे! मीच झालोय! उघड, तुझी बहीण..."

"बहीण आत चहा पितेय. बक्षीस आणलंय का?"

"उघड नाहीतर दार फोडतो!"

"ताई, आज फार छान करतायत गं! ये बघायला!"

आणि उघडलं. मी तिला बाजूला सारून आत शिरलो. ही खुर्चीत बसलेली. पुढं पेटी, उघडी. दुपारचा कप्पा रिकामा! आणि हात तोंडाकडं चाललेला, बोटांत काहीतरी तपकिरी...

मी झडप घातली! हाताला असा फटका दिला की ते तपकिरी उडालं, कप लवंडला, चहा मेहुणीच्या नव्या कोऱ्या टेबलक्लॉथवर, आणि ते तपकिरी जाऊन पडलं पडद्यापाशी.

बिस्कीट होतं.

मी म्हटलं, "गोळी! गोळी कुठंय? खाल्लीस? डोळे उघडे ठेव! माझ्याकडं बघ! झोप येतेय का? बोल काहीतरी!"

ही चहानं भिजलेली मनगटं रुमालानं पुसतेय. म्हणाली, "तपकिरी खिडकीत ठेवलीय, कागदात बांधून. साहेबाला संध्याकाळी नेऊन देईन."

"म्हणजे... तुला कळलं?"

"अहो, दवाखान्यात जाईपर्यंत मीच ती पावात घालून त्याला देत होते. बरा होऊन घरी आलेला माणूस कुत्र्याची गोळी ओळखायचा विसरतो का? आणि सकाळची माझी मी बरणीतून घेतली, दुपारचा कप्पा मात्र इथं येऊन उघडला, तेव्हा कळलं. तुमच्या हाताचा कागद बघून मी आजवर मीठ तरी आणलंय का?"

मी खाली बसलो. ही म्हणाली, "आता गुलाबी द्या इकडं. वाटच बघत होते. तुम्ही येणार नाही असं होणार नाही, एवढं माहीत होतं." मी खिशातून पेटी काढली, झाकण उघडेना, तिनंच उघडलं. गुलाबी गोळी तिनं पाण्याबरोबर घेतली. वेळेवर. मी तो घोट तिच्या गळ्याखाली उतरेपर्यंत बघत होतो.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, खरंच रडताय?"

मी म्हटलं, "घाम आहे. आणि सगळे मिळून माझ्याकडं असं काय बघताय? मी काय केलं हो? नुसत्या दोन रेघा..." आणि तेवढ्यात पुन्हा आली. अशी आली की वाक्य तिथंच सोडून मी उभा राहिलो आणि मेहुणीला म्हटलं, "बाथरूम कुठंय गं? टेन्शन आलं होतं ना, टेन्शनमुळे होतं असं."

तशी ही रुमालाची घडी घालत, माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"टेन्शन नाही हो. सकाळी ऐटीत गिळलीत ती माझी पाणी उतरवायची गोळी. मला ठाऊक होतं, पण म्हटलं, एवढ्या हौसेनं घेतायत तर घेऊ देत... बरं, वाटेत कुठं कुठं थांबलात?"